दुसरा कॅमेरा

"दुसऱ्या कॅमेऱ्यात आहे का?"

आबांना मोबाइलवर आभाळातलं काहीही दाखवलं की हा प्रश्न ठरलेला. पण तो नंतर. आधी ते पडद्याकडे बघायचेच नाहीत. मोबाइल आपल्या हातातून काढून घ्यायचे, उलटा करायचे, पाठीवरच्या काचेवर तोंडाची वाफ सोडायचे आणि शर्टाच्या टोकाने ती काच गोल गोल पुसायचे. चित्रीकरण कालच झालेलं असायचं, आज काच पुसून त्यात काय फरक पडणार? तरी पुसायचे. मग मोबाइल सुलटा करून, लांब धरून, एक भुवई वर चढवून बघायचे. आणि मग तो प्रश्न.

आता तुमच्याही मोबाइलवर अशा चित्रफिती येत असतील. ढगाआडून निघालेला चकचकीत गोळा, विमानाच्या बाजूने पळणारा ठिपका, खाली पाच-सहा जणांचा आरडाओरडा. तुम्हीही त्या पुढे ढकलत असाल. मी तर ढकलायचोच. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे आकाश माझ्या विषयात येतं अशी माझी समजूत होती. आम्ही आबांच्या शेजारी राहायला आलो आणि आठ वर्षांत त्यांनी माझ्याकडून आकाश जवळजवळ काढून घेतलं.

पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशीच त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मी ओळखायला लागलो तोवर तिथे फक्त ओळखपत्राचे फोटो निघायचे. पण त्याआधी तीसेक वर्षं त्यांनी धुळ्यापासून मुक्ताईनगरपर्यंत लग्नं चित्रित केली होती. एकट्याने नाही, जोडीने. एक कॅमेरा आबांच्या खांद्यावर, दुसरा त्यांच्या बायकोच्या. तिला सगळे अक्का म्हणायचे. हळद लागते त्या खोलीत, नवरी सजते तिथे, बायकांच्या गाण्यात आपल्याकडे कॅमेरावाल्या पुरुषाला कोण शिरू देतं? मग अक्का शिरायची. खोचलेला पदर, खांद्यावर कॅमेरा. बायका आधी हसायच्या, मग तिच्यासमोर नाचायच्या. मांडवात दोघं दोन टोकांना उभी राहायची. आबांना आपल्या चित्रात काही खटकलं की ते बँडच्या गोंगाटात नुसती मान उडवून विचारायचे, तुझ्यात आहे का? आणि अक्का समोरून मान हलवायची. नाही.

"तीस वर्षांत एकदाही हो म्हणाली नाही बाई," आबा सांगायचे. तक्रार होती की कौतुक, ते मला कळायचं नाही.

मी अक्काला फार पाहिलेलं नाही. आम्ही राहायला आलो त्याच वर्षी ती गेली. तिचा कॅमेरा स्टुडिओतल्या कपाटावर, फुलाफुलांच्या कापडात गुंडाळून ठेवलेला असायचा.

मुक्ताईनगरकडच्या एका लग्नाची गोष्ट ते नेहमी सांगायचे. कॅसेट घरी गेली आणि नवरदेवाच्या आईला तिच्यात दिसलं की मंगलाष्टकांच्या वेळी मुलाच्या डोक्यामागे तेजाचं वर्तुळ उगवलंय. घरात आरती झाली. गावातून माणसं बघायला आली. आबांना मानाने बोलावून पाटावर बसवलं. आबांनी कॅसेट पाहिली आणि म्हणाले, "हा मांडवातला हॅलोजन आहे. त्याचा उजेड माझ्या काचेत वाकडा शिरला. अक्काच्या कॅमेऱ्यात बघा, तिथे नवरदेवाच्या मागे नुसता कूलर आहे."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? धाकट्याच्या लग्नाला दुसरा शूटिंगवाला आणला."

आमच्या बाबतीतही ते असंच करायचे. रावेरला माझा मेव्हणा केळीच्या पॅकिंगच्या शेडवर काम बघतो. त्याने एकदा शेडच्या कॅमेऱ्यातली फीत पाठवली. केळी भरलेल्या ट्रकच्या वरून एक पांढरं, लांबट काहीतरी संथपणे तरंगत जातंय, थांबतंय, पुन्हा मागे येतंय. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मी त्यावर भूगोलाच्या अधिकाराने एक लांब टिपण लिहिलं. आबांनी फीत पाहिली, एकदाच.

"बठ्ठा काचना खेळ शे," ते म्हणाले. सगळा काचेचा खेळ आहे, हे सांगताना ते हमखास धुळ्याकडच्या बोलीत जायचे. "तुझ्या मेव्हण्याला सांग मास्तर, शिडी लाव आणि कॅमेऱ्यावरचं जाळं झाड. कोळी आहे तो."

मेव्हण्याने जाळं झाडलं. उडती तबकडी पुन्हा आली नाही. मेव्हणा आजही म्हणतो की ती घाबरून गेली.

आणि माझी स्वतःची तबकडी! एका संध्याकाळी गच्चीवरून मी मेहरूणच्या दिशेला हिरवट, लांबट, प्रकाशमान असं काहीतरी टिपलं. मोबाइल हलवला की ते पळायचं. खाली उतरेपर्यंत ग्रुपवर टाकलं, दुसऱ्या दिवशी आठवी ब ला सांगितलं, शिक्षकांच्या खोलीत दोनदा दाखवलं. तिसऱ्या दिवशी आबा माझ्यासोबत गच्चीवर आले, त्याच वेळेला. जिन्याच्या तोंडाशी आमची ट्यूबलाइट जळत होती.

"धर मोबाइल तसाच. दिसतंय?"

"दिसतंय आबा! तेच! बघा, बघा!"

आबा दोन पावलं मागे गेले आणि त्यांनी ट्यूबसमोर स्वतःचा तळहात धरला. तबकडी गेली. हात काढला. तबकडी आली.

"उडवू अजून एकदा?" ते म्हणाले.

आठवी ब ला मी अजून खुलासा केलेला नाही. ती मुलं आता कॉलेजात आहेत.

पण ते नुसतं मोडीत काढून थांबायचे नाहीत, शिकवायचेसुद्धा. "तीन परीक्षा आहेत मास्तर. पहिली, काच पूस. दुसरी, कॅमेरा हलव. डाग सोबत आला तर काचेचा, जागेवर राहिला तर आभाळाचा. तरी शंका राहिली तर तिसरी, दुसरा कॅमेरा. दोघांत दिसलं तर मान्य करायचं. मग ते काहीही असो, मी हात जोडीन."

मला त्यांचे ते हात जोडलेले बघायचे होते. मनातलं सांगतो, आठ वर्षं मी त्याचीच वाट बघत होतो.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या घरी बिबड्या घातल्या होत्या. ज्वारीच्या या पापड्या गच्चीवर साड्या अंथरून वाळत घालायच्या, आणि कावळ्यांपासून राखायला घरातला सर्वांत निरुपयोगी माणूस बसवायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. सुट्टीत ती जागा माझी. आबा सोबतीला यायचे. ओल्या बिबडीची गुंडाळी खात आम्ही दोघं जिन्याच्या सावलीत बसायचो. सकाळी नऊलाच आभाळ पांढरं पडलेलं.

त्या दिवशी आबा खात नव्हते. गुंडाळी हातात तशीच, नजर वर. त्यांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग पुन्हा वर. डोळे चोळले. चष्मा काढला, पुसला, घातला.

"काय आबा?"

"काही नाही."

थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, "सोबत येतंय. पण मागून येतंय. काचेवरचा डाग असं करत नाही."

"काय करत नाही?"

ते माझ्याकडे वळले. आबांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. परीक्षेत पेपर कोरा ठेवलेल्या मुलाचा असतो तसा. त्यांनी आभाळाच्या एका तुकड्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "तुले दिसस का रे? काळं. बारीक. लोंबल्यासारखं."

मी पाहिलं. नीट पाहिलं, हात कपाळाशी धरून. तिथे काहीही नव्हतं. घारसुद्धा नव्हती.

आणि मी म्हणालो, "हो."

का म्हणालो, याची मी नंतर बरीच कारणं तयार केली. त्यांचा चेहरा बघवेना, हे एक. पण ते पहिलं नव्हे. पहिलं कारण हे की मला आनंद झाला होता. आबांना दिसलं! ज्यांनी माझी ट्यूबलाइट विझवली, त्यांना आभाळात काहीतरी दिसलं, आणि ते माझ्याकडे विचारायला आले. असा मोका मी सोडणार होतो?

"हो आबा, आहे ना. काळं, बारीक. ते बघा."

त्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. "म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यात आहे," ते म्हणाले आणि हसले. मग त्यांनी खरोखर आभाळाला हात जोडले, बिबडीच्या गुंडाळीसकट.

दहा मिनिटांत मी ग्रुपवर टाकलं: आबांनाही दिसलं!!!

त्यानंतरचे दहा दिवस आठवले की मी आजही जागेवरून उठतो, पाणी पितो, पुन्हा बसतो. हे लिहितानाही दोनदा उठलोय.

आबांनी कपाटावरून अक्काचा कॅमेरा उतरवला. रोज सकाळी गच्चीवर यायचे आणि आभाळ टिपायचे. चित्रात काही येईना. आता बाजू उलटल्या होत्या. ते म्हणायचे, "डोळ्याला दिसतं आणि कॅमेऱ्यात येत नाही, असं कसं?" आणि मी, हे मी, त्यांना म्हणायचो, "कॅमेऱ्यात दोष असेल आबा. काच पुसली का?" आणि खो खो हसायचो. तेही हसायचे. एकदा म्हणाले की आता कडेला विजेसारखं चमकतंसुद्धा. मी म्हणालो, "वा! म्हणजे इंजिन चालू झालं!"

अकराव्या दिवशी ते आमच्याकडे चहाला बसले होते. बशीत ओतलेला चहा बशीच्या उजवीकडे, टेबलावर पडला. आबा ओततच राहिले. माझी बायको सुनंदा पुढे झाली आणि तिने त्यांचा हात धरला.

"आबा, काय होतंय?"

"काही नाही गं. उजवीकडून पडदा ओढल्यासारखं झालंय. सकाळपासून."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. "आणि ते काळं दिसतं म्हणत होते ते? ते कुठे दिसायचं, आभाळात की डोळ्यात?"

मी टेबलावरून ओघळणारा चहा बघत राहिलो.

"अहो, बघत काय बसलात? रिक्षा आणा."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आबांच्या उजव्या डोळ्यात बराच वेळ उजेड टाकून पाहिलं. विचारलं, "काळे ठिपके, धागे असं काही दिसत होतं का? कधीपासून?"

"दहा-अकरा दिवस," आबा म्हणाले. "पण ते आभाळात होते डॉक्टर. मास्तरलाही दिसले."

डॉक्टरांनी मान वर केली. "तुम्हालाही?"

भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटची बारीक ओळसुद्धा मला स्पष्ट दिसत होती.

"मग तुमचेही डोळे बघून घेऊ," डॉक्टर म्हणाले. माझ्याही डोळ्यांत थेंब टाकले आणि बाहेर बाकावर बसवलं. शेजारी आबा. दोघांचे डोळे मिटलेले. आबांनी चाचपडत माझा गुडघा थोपटला. "घाबरू नको मास्तर. तुझं कमी असेल."

माझे डोळे स्वच्छ निघाले. आबांच्या उजव्या डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना, सुटला होता. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याची नजर परत आली नाही. तीस वर्षं कॅमेऱ्याला लागलेला तोच डोळा. डाव्यात मोतीबिंदू पिकत आलेला होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ठिपके दिसले त्याच आठवड्यात आणायला हवं होतं." एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आबांची मुलगी धुळ्याला असते. ती येऊन त्यांना घेऊन गेली. तिकडे डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि कामापुरतं दिसायला लागलं. आणि मग त्यांचे फोन सुरू झाले.

"मास्तर, तुला दिसलेलं कोणत्या बाजूला जात होतं?"

"अं... उजवीकडे, आबा."

"माझंही उजवीकडे! आणि केवढं होतं? मोहरीएवढं की ज्वारीएवढं?"

"मोहरी... मोहरीच्या जरा पुढे."

दोन दिवसांनी पुन्हा. "त्याला शेपूट होतं का रे?" मी शेपूट दिलं. पुन्हा चार दिवसांनी. "मी डॉक्टरांना विचारलं, दोन माणसांच्या डोळ्यांत एकाच वेळी एकच ठिपका येतो का? ते नाही म्हणतात. मग तुझ्यात कसं आलं?" आवाजात रागबिग काही नव्हतं. नुसती तळमळ होती. रात्री नीट झोपत नाहीत, कागदावर ठिपके काढत बसतात, असं त्यांची मुलगी म्हणाली.

सुनंदा स्वयंपाकघरातून ऐकत असायची. एक दिवस पोळपाट तसाच टाकून बाहेर आली.

"अजून किती दिवस उडवणार आहात ते?"

"काय?"

"तेच. मोहरीच्या पुढचं, शेपटीचं. तुम्ही सांगताय की मी सांगू?"

मी बिबड्यांचा डबा घेतला आणि धुळ्याची बस धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. सगळ्या वाटेत मी वाक्य जुळवत होतो. शेजारच्या आजींनी विचारलं, "भाऊ, तब्येत बरी नाही का?"

आबा गॅलरीत बसले होते. डोळ्यांवर हिरवा चष्मा. मी डबा ठेवला आणि जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. म्हणालो, "आबा, मला काही दिसलं नव्हतं. त्या दिवशी. मी खोटं बोललो."

खाली भाजीवाली गेली. तिचं ओरडणं गल्लीच्या टोकाला पोचलं.

"काहीच नव्हतं?"

"काहीच नाही. मोकळं आभाळ."

"म्हणजे माझ्या एकट्यातच होतं."

"हो."

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, मारतात. तर त्यांनी माझ्या खिशातला मोबाइल काढला, उलटा केला, वाफ सोडली आणि काच पुसायला लागले. पुसतच राहिले.

"मी एक डोळा मिटूनही पाहिलं होतं मास्तर," ते म्हणाले. "उजवा मिटला की जायचं ते. मला वाटलं, डाव्यात मोतीबिंदू आहे, त्याला काय दिसणार. आणि तू हो म्हणाला होतास. म्हणून मी परीक्षेवर नाही, तुझ्यावर विश्वास ठेवला."

मी खाली बघत होतो. फरशीवर एक मुंगी चालली होती.

"पण सांगितलंस ते बरं झालं," ते एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले. "अरे, महिनाभर डोक्यात भुंगा. वाटायचं, हे एक खरं असेल तर बाकीचीही खरी असतील. आपण किती लोकांची खोटी पाडली! मुक्ताईनगरच्या त्या बाईची माफी मागायला जायला हवं, असं ठरवत होतो. आता नको जायला." ते हसले, पण डावीकडच्या अर्ध्या चेहऱ्यानेच. "हॅलोजनच होता तो."

मी निघालो तेव्हा दारापर्यंत आले. चौकटीचा अंदाज घ्यायला हात पुढे धरून. म्हणाले, "एक विचारू? तू हो का म्हणालास?"

मी पायांत चपला सरकवायला लागलो.

"अक्का म्हणाली नसती," आबा म्हणाले. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला जिन्याकडे वळवलं.

आठवड्याभराने त्यांनी धुळ्याहून एक चित्रफीत पाठवली. गॅलरीतून, मुलीच्या मोबाइलवर काढलेली. दोन मिनिटांची. नुसतं दुपारचं आभाळ. ढग नाही, पक्षी नाही, काही नाही. शेवटी आबांचा आवाज, "बघ मास्तर. काही आहे का?"

मी आधी माझ्या पडद्याची काच पुसली. मग पूर्ण फीत पाहिली. मग पुन्हा पाहिली. मग सुनंदाच्या मोबाइलवर पाठवून तिथे पाहिली. उजव्या कोपऱ्यात एक धूसर डाग होता. आबांनी मोबाइल हलवला की तोही सोबत हलायचा.

सगळ्या जिल्ह्याच्या काचा पुसणारा हा माणूस. त्याला हे कसं सांगायचं? मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग फोन लावला.

"आबा, आभाळात काही नाही. पण तुमची काच पुसायची राहिली. उजव्या कोपऱ्यात डाग आहे."



"दुसऱ्या मोबाइलवर बघितलंस?"

"बघितलं. तिथेही आहे."

"मग माझाच. अंगठा लागला असेल." आणि जरा थांबून, "शाबास."

हे आमचं शेवटचं नीट बोलणं. दिवाळीआधी आबा गेले, झोपेत. मुलीने अक्काचा कॅमेरा आमच्याकडे पाठवून दिला, त्याच फुलाफुलांच्या कापडात.

यंदाही बिबड्या घातल्या. कावळे राखायला मी एकटाच बसतो. दुपारचं आभाळ पांढरं पडलं की ती फीत लावतो. आधी काच पुसतो, वाफ सोडून, शर्टाच्या टोकाने. दोन मिनिटं काहीही घडत नाही. कोपऱ्यातला डाग तेवढा आबांच्या हातासोबत हलत राहतो. अंगठ्याच्या रेषा दिसतात का म्हणून मी पुष्कळ वेळा मोठं करून पाहिलंय. नाही दिसत.